बॅटरीचे दात

मारेगाव तालुक्यातल्या कोणत्याही गावात शिरलात की आधी ट्रॅक्टर कुठं उभा आहे ते पाहावं. घरासमोर, सपाटीवर, तोंड भिंतीकडे करून बेफिकीर उभा असेल तर त्या घरात नवी बॅटरी आली आहे असं खुशाल समजावं. शाळेमागच्या चढावर, तोंड उताराकडे, चाकाखाली दगड, असा असेल तर बॅटरीनं दोन-तीन पावसाळे काढलेले आहेत. आणि घर गावाच्या एका टोकाला व ट्रॅक्टर दुसऱ्या टोकाला, नाल्याच्या पाळीवर एकटाच, असं दिसलं तर त्या बॅटरीत आता काही राम उरलेला नाही. ती तिथं आहे ती फक्त पेटी रिकामी दिसू नये म्हणून.

उताराच्या जागा गावात मोजक्याच. पोळ्याला तोरणाखालून कोणाची जोडी आधी जाणार यावरून जेवढी धुसफूस होते, तेवढीच हल्ली उतारावर कोणाचा ट्रॅक्टर पुढं लागणार यावरून होते. कारण पुढचा हलला नाही तर मागच्याचा उतार वाया. मागचा पहाटे येऊन पुढच्याला झोपेतून उठवतो, ‘तुया ट्रॅक्टर काढ, मले मार्डीले जाचं हाय.’ पुढचा डोळे चोळत सांगतो, ‘थो निघत असता तं इथं लावला असता काय?’

उन्हाळ्यात हे तंत्र बरं चालतं. पावसाळ्यात काळी माती ओली झाली की चाक फिरतच नाही, नुसतं घसरतं. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला तरी इंजिनाला पत्ता नाही. ट्रॅक्टर खाली पोचतो, पण बंदच पोचतो. आता खाली उतार नाही आणि वर न्यायला दुसरा ट्रॅक्टर लागतो. तो दुसरा ट्रॅक्टरही बहुधा कुठल्यातरी उतारावरच उभा असतो.

सकाळचा सेल्फ हा तर सार्वजनिक कार्यक्रम. सहाच्या सुमारास एक किल्ली फिरते आणि अख्खी गल्ली अंथरुणातूनच निदान करायला लागते. ‘घर्र... घर्र... घ...’ असा दमत गेलेला आवाज आला तर बॅटरी उतरली. ‘टक्’ असा एकच आवाज येऊन शांतता पसरली तर सेल्फ, नाहीतर त्याची जाड वायर. ‘टकटकटकटक’ असं लागोपाठ आलं तर बॅटरीत सेल्फचा खटका ओढण्यापुरता जीव आहे, इंजिन फिरवण्याइतका नाही. काहीच आवाज आला नाही तर टर्मिनल सुटलेलं असतं, किंवा रात्री कोणीतरी बॅटरीच नेलेली असते. इतकं अचूक निदान ऐकून करणारी ही माणसं प्रत्यक्ष बॅटरीजवळ गोळा झाली की मात्र एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. एक म्हणतो डायनमो गेला, दुसरा म्हणतो अर्थिंग, तिसरा एवढंच म्हणतो की हा ट्रॅक्टर घेतला तेव्हाच मी नको म्हटलं होतं. चौथा काही न बोलता पाना उचलतो, टर्मिनलवर दोन ठोके घालतो, आणि इंजिन धाडकन सुरू होतं. त्या दोन ठोक्यांवर चौथा पुढचं वर्षभर तज्ज्ञ म्हणून मिरवतो. त्यानं केलेलं एवढंच, की टर्मिनल आणि कडीच्या मधे साचलेला पांढरा-हिरवा थर जरा खरवडला गेला. त्याला इकडं सगळे कार्बन म्हणतात. तो कार्बन नव्हे, अॅसिडनं धातू खाऊन तयार झालेला क्षार आहे. खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं धुतला की निघतो, वर व्हॅसलीनचं बोट फिरवलं की लवकर परत येत नाही. चहावाल्याकडे सोडा असतो, घराघरात व्हॅसलीन असतं, दोन्ही मिळून दहा मिनिटांचं काम. पण ठोक्यात जी शान आहे ती व्हॅसलीनच्या बोटात नाही.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. वणीला रंगनाथस्वामींच्या जत्रेतला बैलबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना मारेगावचा माणूस बैल कसा घेतो हे ठाऊक असेल. आधी लांबून चाल पाहील. मग जवळ जाऊन खांदा दाबेल, शिंगं पाहील, शेपटीला हात लावेल, खुरांखाली वाकेल. शेवटी जबडा उघडून दात मोजेल. दोन दाती, चार दाती, सहा दाती, की जुळला. विकणाऱ्यानं कितीही शपथा घेतल्या तरी दात खोटं बोलत नाहीत. मग रुमालाखाली बोटं धरून भाव. दिवस मावळला तरी सौदा तुटत नाही, आणि तुटला तरी पुढच्या बाजारापर्यंत त्याची चर्चा पुरते.

हाच माणूस बॅटरी घ्यायला दुकानात शिरतो आणि म्हणतो, ‘चांगली द्या.’

संपलं! एवढीच चिकित्सा. दुकानदार विचारतो, ‘ट्रॅक्टर किती एचपीचा?’ उत्तर येतं, ‘पन्नासचा.’ तो असतो एकोणचाळीसचा. पण दुकानात अजून चार जण उभे असतात. मग पन्नासच्या मानानं मोठी बॅटरी येते, ती पेटीत बसत नाही, म्हणून कडेचा पत्रा वाकवला जातो आणि वरून फाटक्या ट्यूबची पट्टी आवळली जाते. ट्यूबच्या पट्टीवर बांधलेली बॅटरी नांगरटीत ढेकळांवरून नाचत जाते. आतल्या प्लेटांवर शिशाचा लगदा लिंपलेला असतो. असा नाच झाला की तो झडून तळाशी साचतो, आणि गाळ वाढत वाढत प्लेटांपर्यंत पोचला की तो कप्पा आतल्या आत शॉर्ट होतो. पुस्तकात जो आकडा दिलेला असतो, ७५ म्हणा, ८८ म्हणा, तेवढ्या अँपिअर-तासांची, पेटीत नीट बसणारी, प्लस-मायनस जुन्यासारख्याच बाजूला असणारी आणि पट्टी-बोल्टनं घट्ट आवळलेली बॅटरी घ्यावी, यात खरं तर काही गूढ नाही. पण पुस्तक कुठं आहे? ट्रॅक्टरसोबत आलेलं पुस्तक ज्या पिशवीत आहे त्या पिशवीत आता बियाण्याच्या पावत्या आहेत, आणि ती पिशवी कुठं आहे ते फक्त घरच्या बाईला माहीत असतं. तिला कोणी विचारत नाही.

दात बॅटरीलाही असतात. अंगावर कुठंतरी, झाकणावर किंवा बाजूला, ती कधी तयार झाली याचा महिना-साल कोरलेला असतो. काही ठिकाणी सरळ आकड्यांत, काही ठिकाणी अक्षरांच्या संकेतात. संकेत कळला नाही तर दुकानदाराला विचारावं, न सांगणाऱ्याचं दुकान सोडावं. कारण अॅसिड भरलेली बॅटरी फळीवर नुसती बसूनही उतरत असते, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात तर जास्तच. नऊ-दहा महिने एकाच जागी धूळ खाल्लेली बॅटरी म्हणजे जुळलेला बैल दोन दाती म्हणून खपवण्याचा प्रकार. दुकानात मीटर लावून पाहावं. नवी, भरलेली बॅटरी न चालवता साडेबारा व्होल्टच्या वर, साधारण १२.६ दाखवते. बारावर आली असेल तर तिचे चारातले तीन हिस्से उतरलेले आहेत. गंमत अशी की बारा व्होल्टची बॅटरी बारा व्होल्ट दाखवते म्हणजे उत्तमच, असं वाटून गिऱ्हाईक खूश होऊन पैसे मोजतं.

बॅटरीवर आणखी एक आकडा असतो, थंडीत किती अँपिअर देईल त्याचा. तो मला फार आवडतो. ही परीक्षा उणे अठरा अंश सेल्सिअसला घेतात. मारेगावात पौषातल्या पहाटे पारा आठ-दहावर आला की माणसं शेकोटीतून उठायला तयार नसतात, आणि मे महिन्यात तोच पारा पंचेचाळीसला टेकतो. आपल्या बैलाला बर्फात किती ओढता येईल हे विचारून बैल घ्यावा तसं हे. तरी दोन सारख्या बॅटऱ्या समोरासमोर ठेवल्या तर सेल्फ फिरवायची ताकद कोणाची जास्त, हे त्या आकड्यावरून कळतं, म्हणून तो पाहावा. बर्फाची काळजी सोडून द्यावी.

कारण आपल्याकडे बॅटरीला थंडी मारत नाही, ऊन मारतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला ढोबळ हिशोब आहे. मे महिन्यात उघड्यावर, रेडिएटरच्या शेजारी, बॉनेटच्या तव्याखाली भाजून निघालेली बॅटरी तेव्हा काही तक्रार करत नाही, कारण गरम इंजिन पातळ तेलात सहज फिरतं. तक्रार हिवाळ्यात होते. तेल घट्ट, इंजिन गार, आणि डिझेलला तर ठिणगी नसतेच. हवा सतरा-अठरा पटीनं दाबून, तिच्या उष्णतेवर डिझेल पेटवायचं. इंजिन हळू फिरलं तर दाबलेली हवा तापायच्या आधीच भिंतींना उष्णता देऊन मोकळी होते. मग धूर येतो, इंजिन येत नाही. थोडक्यात, बॅटरी मरते मे महिन्यात आणि लाकडं जमतात डिसेंबरात. माणसं मात्र थंडीला शिव्या देतात.

या शिशाच्या बॅटरीचा शोध फ्रान्समध्ये गास्ताँ प्लान्ते यानं १८५९ साली लावला. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, फरिदाबादला आयशरनं भारतात बनवलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला. मधल्या काळात, १९११ च्या सुमारास, अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं मोटारीला विजेचा सेल्फ बसवला आणि पुढच्या हँडलनं मनगटं मोडून घ्यायची पाळी हळूहळू संपली. म्हणजे बॅटरी जुनी, ट्रॅक्टर नवा. शिसं, गंधकाचं अॅसिड, पाणी, सहा कप्पे, प्रत्येकी दोन व्होल्टच्या जरा वर. प्लान्ते आज मारेगावच्या बसस्टँडजवळच्या बॅटरीच्या दुकानात आला तर स्टुलावर बसून लगेच कामाला लागेल. फक्त मोबाईल कुठं चार्ज करायचा एवढंच त्याला विचारावं लागेल.

बैल विकून ट्रॅक्टर घेतला तेव्हा घरोघरी एक सुटकेचा सुस्कारा ऐकू आला होता. आता कडबा नाही, ढेप नाही, पहाटे उठून पाणी पाजणं नाही, शेण काढणं नाही. ट्रॅक्टरला काम असेल तेव्हाच डिझेल. काम नसेल तर एक पैशाचा चारा नाही. हे सगळं खरं आहे, एक बॅटरी सोडून. सगळ्या ट्रॅक्टरमध्ये तेवढी एक चीज अशी आहे की तिला काम असो-नसो खायला लागतं, प्यायला लागतं, फिरवून आणावं लागतं, आणि उपाशी बांधून ठेवली तर ती आजारी पडते. बैल निदान हंबरतो.

आमच्याकडे तिच्या उपासाचे महिने ठरलेले आहेत. जूनमध्ये पेरणी झाली की कपाशी-तुरीच्या तासांत ट्रॅक्टर शिरत नाही. डवरणी बैलांनीच होते, ज्यांचे बैल गेले ते दुसऱ्याचे भाड्यानं सांगतात. जुलैपासून सोयाबीनच्या मळणीपर्यंत ट्रॅक्टर ताडपत्रीखाली. एवढे महिने न भरता राहिली की प्लेटांवर शिशाच्या क्षाराचे कण जमतात. लवकर चार्ज केली तर ते विरघळतात, तसेच ठेवले तर कडक होऊन बसतात आणि मग चार्जरवर दोन दिवस ठेवली तरी तिच्या अंगी काही लागत नाही. उपाय साधे आहेत. पंधरा दिवसांनी ट्रॅक्टर सुरू करून थोडा कामाला न्यावा, जागच्या जागी दोन मिनिटं फुरफुरवून बंद करू नये. ते जमत नसेल तर मायनसची वायर सोडून ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला टाकावी. वायर सोडताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी; उलटं केलं आणि प्लसवरचा पाना पत्र्याला टेकला तर पाना लाल होतो, हातात अंगठी असेल तर तीही.

चार्जिंगला टाकावी म्हटलं, पण ते तितकं सोपं नाही. शेजारच्या वणी तालुक्यात जमिनीखाली कोळसाच कोळसा, तो दिवसरात्र वॅगननं वीजघरांकडे जातो. इकडे आमची बॅटरी दुकानाच्या चार्जरवर बसून लाईट येण्याची वाट पाहते.

पण ताडपत्रीखालच्या बॅटरीला विश्रांती मिळते असंही नाही. रानडुकरं आणि रोही पिकात शिरायला लागले की शेताच्या तारेवर झटका मशीन येतं. त्याची स्वतःची छोटी बॅटरी असते, सोलरची पाटी असते. ढगाळ आभाळात ती बॅटरी बसली की रात्रीची ड्यूटी ट्रॅक्टरच्या बॅटरीला लागते. मशीन एका रात्रीत फार खात नाही, पण महिनाभर रोज थोडं थोडं खातं आणि परत कोणी भरत नाही. इथं एक बारकावा आहे जो दुकानदारानं सांगायला हवा. सेल्फच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. झटक्यात पुष्कळ करंट देऊन लगेच परत भरून घ्यायचं, हा तिचा स्वभाव. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या प्लेटा जाड. ती तासन्‌तास हळूहळू रिकामी व्हायला केलेली. पहिलीला दुसरीचं काम दिलं तर पुन्हापुन्हा पूर्ण उतरली की तिची कंबर मोडते. रेसच्या बैलाला घाण्याला जुंपल्यासारखं. रानडुकरं वाचली, कपाशी वाचली, बॅटरी गेली.

आणि लग्नसराई! बॅटरीचं वाट्टोळं सेल्फ करतो असा सगळ्यांचा समज आहे, म्हणून सेल्फ कमी मारण्याकडे कल असतो. हिशोब करून पाहा. सेल्फ तीनशे अँपिअर ओढतो खरा, पण पाचच सेकंद. तेवढ्यात अर्धा अँपिअर-तासही खर्च होत नाही, आणि इंजिन सुरू झालं की डायनमो ते काही मिनिटांत परत करतो. याउलट ट्रॅक्टरच्या टपावर जो दोनशे वॅटचा अँप्लिफायर बसवलेला असतो, तो पूर्ण जोरात वाजला की सोळा-सतरा अँपिअर घेतो. इंजिन बंद ठेवून, डिझेल वाचवून, मांडवासमोर तीन तास वाजवला की अठ्ठ्याऐंशीच्या बॅटरीतले पन्नास अँपिअर-तास गाण्यांत गेले. वर टपाभोवती रंगीत दिव्यांची माळ, नवरदेवाच्या नावाची पाटी, आणि पाच जणांचे मोबाईल चार्जिंगला. मग वरात निघायची वेळ होते. नवरदेव ट्रॅक्टरवर, मुंडावळ्या बांधलेल्या, किल्ली फिरते, आणि टकटकटकटक. वऱ्हाडातले सगळे सुटाबुटातले मेव्हणे मागून धक्का मारतात, बायका हसतात, नवरदेवाचा मामा ओरडतो, ‘दुसऱ्या गिअरमदी टाक बे!’ बँडवाल्यांना मात्र बॅटरी लागत नाही. ते बाजूला उभे राहून अतिशय समाधानानं पाहत असतात.

पाण्याचा विषय काढला की प्रत्येकजण म्हणतो, टाकतो ना. कधी? आठवण आली की. कोणतं? बाटलीतलं. कोणत्या बाटलीतलं हे विचारू नये. चार्ज होताना बॅटरीतलं पाणी वायू होऊन उडतं, अॅसिड आतच राहतं. म्हणून भर घालायची ती फक्त डिस्टिल वॉटरची, अॅसिडची कधीच नाही. पातळी प्लेटांच्या वर बोटभरापेक्षा कमी, दहा-पंधरा मिलिमीटर. प्लेटा उघड्या पडू द्यायच्या नाहीत, आणि गळ्यापर्यंतही भरायचं नाही, नाहीतर चार्ज होताना ते वर येऊन पेटी खातं. हे सगळं पाच लिटरच्या कॅनवर लिहिलेलंही असतं. पण घरचा बोअर आहे, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, मग विकतचं कशाला? या भागात राजूरला चुनाभट्ट्या आहेत, मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे. एवढा चुनखडीचा दगड ज्या जमिनीत, तिथलं पाणी किती हलकं असणार ते चहाच्या गंजाच्या बुडाला पाहावं. ते पाणी बॅटरीत गेलं की त्यातले क्षार प्लेटांना बाधतात. काही चतुर लोक मिनरल वॉटरची बाटली ओततात. पाहुण्याला माठातलं आणि बॅटरीला मिनरल. तरीही बॅटरी रुसते, कारण ज्या खनिजांचे पैसे मोजले तीच तिला नको असतात.

बॅटरी उचलून नेणारा माणूस गर्दीतही ओळखू येतो. त्याच्या पँटला मांडीवर लहान लहान भोकं असतात. अॅसिडचा थेंब सुती कापडावर पडला की लगेच काही दिसत नाही. कापड धुवायला टाकलं की पाण्याबरोबर भोकं उगवतात. धुणारी बाई उंदरावर संशय घेते. कापसाचा तालुका, आणि कापसाच्याच पँटची ही गत, म्हणून जुने मेस्त्री कामाला टेरिकॉट घालून येतात.

दसऱ्याला ट्रॅक्टर धुवून, झेंडूचा हार घालून खांडेपूजा होते. बॉनेट उघडून बॅटरीलाही हळद-कुंकू लागतं आणि नारळ नेमका तिच्याच डोक्यावर फुटतो. नारळाचं पाणी, ओली हळद, गूळ, असं सगळं टर्मिनलच्या मधे जमलं की ते हळूच प्लस-मायनसची ओळख करून देतं आणि बॅटरी बसल्या जागी झिरपत राहते. पूजा करावी, पण नंतर फडक्यानं पुसावी. देवाचाही कोमट पाण्यानं अभिषेक होतोच. घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीसमोर उदबत्ती लावणाऱ्यांना मात्र हात जोडून विनंती, की बंद खोलीत हा भक्तिभाव नको. चार्ज होताना निघतो तो हायड्रोजन असतो, आणि त्याला ठिणगी पुरते. चोरांच्या भीतीनं बॅटरी रात्री घरात आणणारी कुटुंबं बरीच आहेत. ती खाटेखाली सुरक्षित झोपते, जावई आला तर तो ओसरीत झोपतो.

एका गोष्टीवर मला विनोद सुचत नाही. किल्ली बिघडली, स्विच बिघडला, म्हणून मागच्या चाकासमोर उभं राहून सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना टेकवून ट्रॅक्टर ‘डायरेक्ट’ करायची पद्धत. क्लच दाबल्याशिवाय किंवा न्यूट्रलला आल्याशिवाय सेल्फ फिरू नये म्हणून कंपनीनं लावलेला खटका यात मधूनच वगळला जातो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो सुरू होतो आणि त्याच क्षणी समोरच्या माणसावरून जातो. वर बसून किल्लीनं सुरू होत नसेल तर तो त्या दिवशी सुरू होऊ नये. दुसऱ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जोड घ्यावी: प्लसला प्लस, मग चांगल्या बॅटरीचा मायनस, आणि त्याच वायरचं दुसरं टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, म्हणजे शेवटची ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी उडत नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांवर दाबून धरू नये, मधे अर्धा मिनिट थांबावं. अर्धा मिनिट थांबणं हेच यात सगळ्यांत अवघड, कारण बाजूला सल्ला द्यायला सात जण उभे असतात.

अॅसिडची ग्रॅव्हिटी पाहायची काचेची नळी, रबरी फुग्याची, फार महाग नसते. तरी ती गावात कोणाकडे नाही. सहाही कप्प्यांत घालून पाहावं. दुकानातल्या भाषेत बाराशे पन्नासच्या वर म्हणजे भरलेली, अकराशेच्या घरात उतरलेली, आणि पाच कप्पे बरे असून एकच पन्नास पॉइंटांनी मागं असेल तर तो कप्पा गेला. मग बाकीच्या पाचांत कितीही जीव असला तरी उपयोग नाही. सीलबंद बॅटरीवर हिरवा डोळा येतो, त्यावर माणसं भरवसा ठेवतात. तो डोळा एकाच कप्प्यात बसवलेला असतो. बाकीच्या पाचांचं मत त्यानं घेतलेलंच नसतं.

शेवटी ती जातेच. चांगली निगा राखली तर चार-पाच वर्षं, नाहीतर वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या आठवड्यात. वॉरंटी शिल्लक असली तरी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्यायची राहिलेली असते. मग जुनी देऊन नवी घ्यायची. २००१ पासूनच जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम आहेत, २०२२ मध्ये ते नव्यानं आले. पण आमच्याकडे नियमांपेक्षा काटा मोठा. जुन्या बॅटरीचं निम्म्याहून जास्त वजन शिशाचं, आणि शिशाला भाव आहे. किलोवर पैसे मिळतात हे कळलं की तिच्याविषयी अचानक माया दाटून येते. उभ्या आयुष्यात घोटभर पाण्याला तरसलेली बॅटरी निघायच्या दिवशी सकाळी सहाही कप्प्यांत गळ्यापर्यंत भरली जाते. बादलीनं. बोअरच्या पाण्यानं.

दुकानदारानं झाकणं उघडून पाहिलं, काही बोलला नाही. ती वजनकाट्यावर ठेवली, कडेनं पाणी ओघळलं. मग म्हणाला, ‘मामाजी, हेच पानी मार्चमदी टाकलं असतं तं आज तुमी इथं नसते.’

मामाजींनी काट्यावरची नजर काढली नाही. ‘मार्चमदी,’ ते म्हणाले, ‘कोन देऊन राह्यलं होतं किलोनं पैसे?’